मकतब

मकतब : मुस्लिम समाजातील लहान मुलांना अक्षरओळख, कुराणपठन आणि धर्माची प्राथमिक माहिती देणारी पाठशाळा. ती बहुधा मशिदीला जोडलेली किंवा मौलवीच्या घरी भरणारी असते. सामान्यतः चार ते बारा वर्षे वयाची मुले व मुली तेथे शिकतात. मदरसा म्हणजे धर्मशास्त्राच्या उच्च अध्ययनाची, बहुधा निवासी स्वरूपाची संस्था होय. मकतब ही त्याची पहिली पायरी असली, तरी मकतबातील बहुसंख्य मुले पुढे मदरशात जात नाहीत. भारतात आज ती सर्वसाधारण प्राथमिक शाळेत शिकतात आणि शाळेपूर्वी वा शाळेनंतर तास-दीड तास मकतबात बसतात. त्यामुळे मकतबाचा विचार दोन अंगांनी करावा लागतो. धर्मशिक्षण हे त्याचे प्रकट अंग आहे. दुसरे अंग साक्षरतेचे : ज्या वयात मूल वाचायला शिकते, त्याच वयात त्याला मकतबात एका लिपीचे, एका ग्रंथाचे आणि पठनाच्या एका शिस्तीचे शिक्षण मिळते. या शिक्षणाचा शाळेतील वाचनलेखनाला उपयोग होतो की अडथळा, हा शिक्षणशास्त्रातील महत्त्वाचा प्रश्न आहे. महाराष्ट्रासारख्या बहुभाषी राज्यात तो अधिकच महत्त्वाचा ठरतो.

व्युत्पत्ती : ‘लिहिणे’ या अर्थाच्या क-त-ब या अरबी धातूपासून मकतब हा शब्द आला असून त्याचा मूळ अर्थ ‘लिहिण्याची जागा’ असा आहे. किताब (पुस्तक) व कातिब (लेखनिक) हे शब्द त्याच धातूपासून बनले. अरब देशांत अशा शाळेस ‘कुत्ताब’ म्हणतात. फार्सी-अरबी शिक्षणपरंपरेचा ठसा मराठीच्या शालेय शब्दसंग्रहावरही उमटलेला आहे. कलम, दौत, शाई, कागद, दप्तर, हजेरी हे शब्द त्याच परंपरेतून मराठीत रुळले. ‘तालीम’ म्हणजे शिक्षण. मराठीत मात्र त्याला आखाडा आणि नाटकाचा सराव असे दोन अर्थ चिकटले. ‘उस्ताद’ या शब्दाचा ‘वस्ताद’ झाला, तोही तालमीतच.

उगम व विकास : इस्लामी परंपरेनुसार मुहंमद पैगंबरांना झालेल्या पहिल्या साक्षात्काराचा आरंभ वाचण्याच्या आज्ञेने होतो आणि त्यात लेखणीचाही उल्लेख आहे. बद्रच्या लढाईत (६२४) पकडलेल्या कैद्यांपैकी ज्यांना लिहितावाचता येत होते, त्यांनी प्रत्येकी दहा मुलांना साक्षर केल्यास त्यांची सुटका करण्याचे ठरले, असेही परंपरेने सांगितले जाते. इस्लामच्या प्रसाराबरोबर कुत्ताब सर्वत्र उभे राहिले. त्यांत काय व कोणत्या क्रमाने शिकवावे, याविषयी मात्र एकवाक्यता नव्हती.

हा मतभेद इतिहासकार इब्न खल्दून (१३३२–१४०६) याने आपल्या मुकद्दिमा या ग्रंथात नोंदविला आहे. मघरिबमध्ये, म्हणजे वायव्य आफ्रिकेत, मुलांना केवळ कुराण शिकवीत. अंदलूसियात त्याच्या जोडीला काव्य, पत्रलेखन, व्याकरण व सुलेखन शिकवीत. याचा परिणाम असा, की मघरिबी मुलांना भाषेवर प्रभुत्व मिळत नसे, तर अंदलूसियातील मुलांचा भाषेचा पाया पक्का होई. अबू बक्र इब्न अल्-अरबी या न्यायाधीशाने आधी भाषा व काव्य, मग गणित आणि त्यानंतर कुराण असा क्रम सुचविला होता. मुलाला न समजणारे वाचावयास लावण्यावर त्याचा आक्षेप होता. इब्न खल्दूनला ही पद्धत उत्तम वाटली. तथापि लोकरूढी तिला अनुकूल नाही, असे तो म्हणतो. मूल आईबापांच्या धाकात आहे तोवरच त्याच्याकडून कुराण वाचून घ्यावे, पुढे ते शिक्षण सोडून देईल, अशी पालकांना भीती वाटते, हे कारण तो देतो. सहाशे वर्षांपूर्वीचा हा वाद आजच्या मकतबांनाही तंतोतंत लागू पडतो.

भारतातील परंपरा : मध्ययुगीन भारतात फार्सी ही राज्यकारभाराची भाषा असल्याने मकतबांतून कुराणपठनाबरोबर फार्सी लेखनवाचनही शिकवीत. नोकरीच्या दृष्टीने हे ज्ञान उपयुक्त असल्यामुळे तेथे हिंदू मुलेही जात. विल्यम अ‍ॅडम याने १८३५ ते १८३८ या काळात बंगाल व बिहारमधील देशी शिक्षणाची पाहणी केली, तेव्हा फार्सी शाळांतील हिंदू विद्यार्थ्यांची संख्या मुसलमान विद्यार्थ्यांहून अधिक आढळली. केवळ कुराणाचे अर्थरहित वाचन शिकविणाऱ्या शाळा त्याने वेगळ्या गणल्या.

अकबराच्या दरबारातील अबुल फज्ल याने आईन-इ-अकबरीत बालशिक्षणावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. मुलांची कित्येक वर्षे स्वर-व्यंजनांच्या घोकणीत वाया जातात, अशी तक्रार करून त्याने असा क्रम सुचविला : प्रथम अक्षरांची वळणे गिरवावीत, ती थोड्याच दिवसांत येतात, नंतर जोडाक्षरे, मग अर्थासह शब्द व छोटी पद्ये. मुलाने शक्य तो स्वतः समजून घ्यावे, शिक्षकाने थोडेच साहाय्य करावे, असे त्यात म्हटले आहे. हा क्रम आधुनिक वाचनशिक्षणाच्या बराच जवळचा आहे.

दक्षिणेत बहमनी वजीर महमूद गावान याने बीदर येथे उभारलेला मदरसा (१४७२) उच्च विद्येचे केंद्र म्हणून प्रसिद्ध होता. खेड्यांतील चित्र मात्र वेगळे होते. महाराष्ट्राच्या ग्रामव्यवस्थेत मुलाणा (मुलाणी) हा बलुतेदार असे. मशिदीची देखभाल, धर्मविधी आणि पशूंची हलाली ही त्याची कामे होती. मुलांना नमाज व काही सुरा पाठ करून देणे हेही ओघाने त्याच्याकडेच येई. हे शिक्षण बव्हंशी मौखिक होते. हिंदू मुलांच्या पंतोजींच्या शाळांतही धूळपाटीवर अक्षरे गिरविणे आणि उजळण्या घोकणे हाच मुख्य कार्यक्रम असे. दोन्ही परंपरांत पाठांतराला वाचनापेक्षा अधिक मान होता. पुण्यात फार्सी शिकविणाऱ्या मुनशींचा वर्गही होता. जोतीराव फुल्यांचे खंडित झालेले शिक्षण पुन्हा सुरू करावे, असा आग्रह त्यांच्या वडिलांकडे धरणाऱ्यांत गफार बेग मुनशी हे एक होते.

अध्यापनपद्धती : पारंपरिक प्रथेनुसार मूल चार वर्षे, चार महिने व चार दिवसांचे झाले, की त्याचा ‘बिस्मिल्ला’ हा विद्यारंभाचा समारंभ करतात. त्यानंतर त्याच्या हाती ‘कायदा’ येतो. येथे कायदा म्हणजे अंकलिपीसारखी प्राथमिक पुस्तिका होय. बगदादी कायदा हा जुना प्रकार असून मौलवी नूर मुहंमद लुधियानवी यांचा नूरानी कायदा आज भारतात सर्वाधिक प्रचलित असलेल्यांपैकी एक आहे.

कायद्यातील पाठांचा क्रम ठरलेला असतो. प्रथम सुटी अक्षरे येतात. मग शब्दाच्या आरंभी, मध्ये व अंती बदलणारी त्यांची जोडरूपे ओळखावी लागतात. त्यानंतर जबर, जेर व पेश ही ऱ्हस्व स्वरांची चिन्हे, स्वराभाव दाखविणारे जज्म, द्वित्वदर्शक तश्दीद आणि दीर्घोच्चाराचे मद्द यांचे पाठ होतात. अक्षर आणि चिन्ह यांची नावे मोठ्याने उच्चारून शब्द जुळविण्याच्या रीतीला ‘हिज्जे’ म्हणतात. हिज्जे सुटून मूल सलग वाचू लागले, की ‘रवाँ’ वाचन सुरू होते. कुराणाचे तीस भाग (पारे) असून मुले सामान्यतः तिसाव्या, म्हणजे ‘अम्म’ पाऱ्यापासून आरंभ करतात, कारण त्यातील सुरा लहान आहेत आणि नमाजात त्यांचा उपयोग होतो. पुस्तकात पाहून वाचण्यास ‘नाजरा’ आणि संपूर्ण ग्रंथ मुखोद्गत करण्यास ‘हिफ्ज’ अशा संज्ञा आहेत. अक्षरांची उच्चारस्थाने (मखरज) व पठनाचे नियम (तज्वीद) यांवर कटाक्ष असतो. यांखेरीज नमाजाचे विधी, प्रार्थना व आचारविषयक धडे उर्दू पुस्तिकांतून शिकवितात. मुफ्ती किफायतुल्लाह यांची तालीमुल इस्लाम ही प्रश्नोत्तररूप पुस्तकमाला यासाठी विशेष प्रसिद्ध आहे.

मकतबात वाचन प्रत्येकाचे स्वतंत्र चालते. एकाच सतरंजीवर बसलेल्या दहा मुलांचे दहा ठिकाणचे पाठ चालू असतात. प्रत्येक मूल आपला ‘सबक’ शिक्षकाला म्हणून दाखवते आणि तो पक्का झाल्यावाचून पुढे जात नाही. वर्गशिक्षणाच्या पद्धतीत मागे पडणाऱ्या मुलाची जी उपेक्षा होते, ती येथे सहसा होत नाही. उलट, लेखनाकडे बहुधा दुर्लक्ष होते. पूर्वी लाकडी तख्तीवर बोरूने अक्षरे गिरवून घेत. ती प्रथा मागे पडल्यानंतर अनेक मकतबांतून केवळ वाचनच उरले.

साक्षरतेच्या दृष्टीने विचार : कुराणाचा मजकूर सर्व स्वरचिन्हांसह छापलेला असतो. त्यामुळे अक्षर व ध्वनी यांचा संबंध नियमित असतो आणि नियम कळलेले मूल न पाहिलेला शब्दही अचूक उच्चारू शकते. वाचनाचे हे पहिले अंग, म्हणजे चिन्हावरून उच्चार करणे, मकतबात चांगले साधते. अर्थग्रहण हे दुसरे अंग मात्र साधत नाही, कारण अरबी ही भारतातील मुलांची बोलभाषा नाही. मूल अनेक पाने अस्खलित वाचते; पण वाचलेल्याचा अर्थ विचारल्यास ते निरुत्तर होते. श्रद्धावंताच्या दृष्टीने पठन हेच पुण्यप्रद असल्याने यात उणीव नाही. साक्षरतेच्या व्याख्येनुसार मात्र हे अर्धेच वाचन होय.

महाराष्ट्रातील मुलापुढे लिप्यांचा प्रश्नही उभा राहतो. अरबी अक्षरे तो नस्ख वळणात शिकतो. उर्दू नस्तालीक वळणात लिहितात. उर्दूत पे, चे, टे, डाल, गाफ इ. जादा अक्षरे आहेत आणि तीत ऱ्हस्व स्वरांची चिन्हे सामान्यतः गाळतात, त्यामुळे तेथे शब्द आधीच माहीत असावा लागतो. शिवाय स-सदृश उच्चाराची तीन व ज-सदृश उच्चाराची चार अक्षरे अरबीतून उर्दूत आली असल्याने शुद्धलेखन पाठ करावे लागते. देवनागरीत स्वर मात्रांच्या रूपाने अपरिहार्यपणे येतो आणि लेखन डावीकडून उजवीकडे चालते. यांत इंग्रजीसाठी रोमन लिपीची भर पडते. अशा रीतीने आठ-नऊ वर्षांच्या मुलाला तीन लिप्या, दोन दिशा आणि चार भाषा यांचा मेळ घालावा लागतो. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहीत असले, तरी त्यातील संख्या डावीकडून उजवीकडेच लिहितात, हेही त्याने लक्षात ठेवावयाचे असते.

या ओझ्याचा परिणाम काय होतो, याविषयी अन्य देशांत पद्धतशीर संशोधन झाले आहे. सिल्व्हिया स्क्रिब्नर व मायकेल कोल या मानसशास्त्रज्ञांनी लायबीरियातील वाई लोकांचा अभ्यास करून आपले निष्कर्ष १९८१ मध्ये प्रसिद्ध केले. या लोकांत घरगुती व्यवहारातून शिकलेली वाई लिपी, कुराणपाठशाळेतील अरबी आणि शाळेतील इंग्रजी अशा तीन साक्षरता नांदत होत्या. कुराणपाठशाळेत शिकलेल्यांची शब्द क्रमाने व एकेक वाढवीत लक्षात ठेवण्याची शक्ती अधिक आढळली. पण सर्वसाधारण स्मरणशक्ती वा तर्कशक्ती त्यामुळे वाढल्याचे दिसले नाही. आपले उत्तर शब्दांत स्पष्ट करून सांगण्याचे कौशल्य मुख्यतः शाळेत शिकलेल्यांत आढळले. साक्षरता म्हणजे एकच सर्वसमर्थ गुण नसून ज्या कामासाठी ती वापरली जाते त्या कामापुरते कौशल्य ती घडविते, असा याचा आशय आहे. डॅन्येल वॅग्नर व त्यांचे सहकारी यांना मोरोक्कोतील मुलांच्या अभ्यासात कुराणपाठशाळेतील पूर्वशिक्षणाचा असाच क्रमस्मरणापुरता लाभ दिसून आला. तेथील दुसरा निष्कर्ष अधिक आश्वासक आहे : घरी बर्बर भाषा बोलणारी व शाळेत अरबी शिकणारी मुले पहिल्या इयत्तेत मागे असली, तरी पाचवीपर्यंत त्यांच्यातील व अरबी भाषक मुलांतील अंतर जवळजवळ नाहीसे झाले होते. म्हणजे परकी लिपी हा दुर्लंघ्य अडथळा नव्हे. मात्र तिच्यामागे सलग व अर्थपूर्ण शिक्षण हवे.

मुलींचे शिक्षण : मुलींना घराबाहेर पाठविण्यास प्रतिकूल असलेल्या काळातही मकतब वा शेजारच्या शिक्षिकेचे घर त्यांना खुले होते. मौलाना अशरफ अली थानवी (१८६३–१९४३) यांनी मुलींसाठी लिहिलेल्या बहिश्ती जेवर या ग्रंथाच्या पहिल्या भागात धर्मविषयक मजकुरासोबत अक्षरओळख व पत्रलेखनाचे धडे आहेत. धर्मनिष्ठ घरांतील स्त्रियांना वाचायला यावे, यासाठी धर्मग्रंथाचाच आधार घेतल्याचे हे लक्षणीय उदाहरण आहे. तथापि अनेक ठिकाणी मुलींना वाचन शिकवीत, लेखन नाही. वाचता येते पण स्वतःची सही करता येत नाही, अशा वृद्ध स्त्रिया त्यामुळे या समाजात होत्या.

महाराष्ट्रातील आधुनिक प्रयत्न : हंटर आयोगाने (१८८२) मुसलमानांच्या शिक्षणाविषयी स्वतंत्र शिफारशी केल्या. देशी मुस्लिम शाळांनी आपल्या अभ्यासक्रमात लौकिक विषय घालावेत म्हणून त्यांना उदार साहाय्य द्यावे आणि समाजाची निराळी इच्छा नसेल तेथे प्राथमिक शिक्षण हिंदुस्थानीतून द्यावे, असे त्यांत सुचविले होते. मुंबईत बद्रुद्दीन तय्यबजी प्रभृतींनी १८७४ मध्ये अंजुमन-इ-इस्लाम ही संस्था स्थापिली. कोल्हापुरात शाहू छत्रपतींच्या प्रेरणेने १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग निघाले. महाराज स्वतः या संस्थेचे अध्यक्ष झाले. खेड्यांतून आलेल्या मुलांना तेथे राहण्याची सोय आणि शहरातील शाळांत शिकण्याची संधी मिळाली. १९१७ मध्ये शाहूंनी संस्थानात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला, तेव्हा हा प्रश्न एका समाजापुरता उरला नाही.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे म. गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मूलोद्योग शिक्षणाची योजना आखली. तीत मातृभाषा हे माध्यम होते. धर्मशिक्षणाला मात्र जागा नव्हती. धर्म आज ज्या रीतीने शिकविले जातात त्यातून ऐक्याऐवजी कलह उत्पन्न होतो, अशी गांधींची भूमिका होती. मुस्लिम लीगने या योजनेवर आणि मध्य प्रांतातील ‘विद्यामंदिर’ योजनेवर टीका केली. योजनेचा आराखडा करणारे झाकिर हुसेन स्वतः निष्ठावान मुसलमान होते, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. धर्मशिक्षण शाळेबाहेर गेले, की ते कोणी, केव्हा व कोणत्या दर्जाने द्यावयाचे, हा प्रश्न मात्र तेव्हा अनुत्तरित राहिला. स्वातंत्र्योत्तर काळात उत्तर प्रदेशात काजी मुहंमद आदिल अब्बासी यांच्या पुढाकाराने १९५९ मध्ये बस्ती येथे स्थापन झालेल्या दीनी तालीमी काउन्सिलने धर्मशिक्षणासह प्राथमिक शाळेचा पूर्ण अभ्यासक्रम शिकविणारी मकतबे काढून त्याला एक उत्तर दिले.

महाराष्ट्रात जिल्हा परिषदा, नगरपालिका व महानगरपालिका उर्दू माध्यमाच्या प्राथमिक शाळा चालवितात आणि पुणे येथील पाठ्यपुस्तक मंडळ (बालभारती, स्थापना १९६७) उर्दू पाठ्यपुस्तकेही प्रसिद्ध करते. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात मुसलमानांची संख्या सु. १ कोटी ३० लाख, तर उर्दू मातृभाषा नोंदविणाऱ्यांची सु. ७५ लाख होती. मुसलमानांतील फार मोठा वर्ग उर्दूखेरीज अन्य भाषा आपली मानतो, हे यावरून उघड होते. कोकणी मुसलमानांची घरची बोली कोकणी-मराठी आहे. पश्चिम महाराष्ट्रातील तांबोळी, अत्तार, बागवान, शिकलगार, मुलाणी इ. कुटुंबांत दखनी व मराठी दोन्ही बोलतात. हमीद दलवाई (१९३२–७७) यांनी पुण्यात १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. मुसलमान मुलांनी प्रादेशिक भाषेतून शिकावे, असा त्यांचा आग्रह होता. उर्दू ही सांस्कृतिक ठेवा असून तिच्यातून शिकण्याचा हक्क टिकलाच पाहिजे, असे प्रतिपादणारा पक्षही तितकाच प्रबळ आहे.

मुळशी तालुक्यातील घोटावड्यासारख्या, पुण्याच्या पश्चिमेकडील गावांच्या संदर्भात या वादाला व्यावहारिक स्वरूप येते. ज्या खेड्यात मुसलमानांची घरे मोजकीच असतात, तेथे उर्दू शाळा चालविण्याइतकी पटसंख्या मिळत नाही. मूल मराठी शाळेतच जाते, बाराखडी शिकते आणि शेजारच्या मुलांबरोबर मराठीतच वाचू-लिहू लागते. मकतब असलेच, तर ते सकाळी शाळेपूर्वी किंवा सायंकाळी असर व मगरिब या नमाजांच्या दरम्यान भरते. शिक्षक पुष्कळदा परप्रांतातून आलेला व मराठी न जाणणारा असतो. तो उर्दूतून समजावतो. मुलाचे शालेय वाचन मात्र मराठीत असते. एकाच दिवशी दोन ठिकाणी वाचायला शिकणाऱ्या या मुलाला दोहोंतील दुवा दाखविणारे कोणी नसते. शाळेतील शिक्षकाला मूल मकतबात काय वाचते हे ठाऊक नसते आणि मौलवीला शाळेतील धडा ठाऊक नसतो. मुलाचे खरे नुकसान लिप्यांच्या संख्येपेक्षा या दुराव्याने होते. प्रार्थनांचा अर्थ मराठीतून सांगणारी पुस्तके आणि कुराणाची मराठी भाषांतरे आता उपलब्ध आहेत. विनोबा भावे यांनी कुराणाच्या अभ्यासासाठी अरबी शिकून त्याचे सारसंकलन केले, हेही या संदर्भात उल्लेखनीय आहे.

राज्यघटना व कायदा : घटनेच्या २८ व्या अनुच्छेदानुसार पूर्णतः शासकीय निधीवर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त वा अनुदानित संस्थेत ते देता येते. पण विद्यार्थ्याची, आणि तो अज्ञान असल्यास पालकाची, संमती असल्याशिवाय त्यात भाग घेण्याची सक्ती करता येत नाही. ३० व्या अनुच्छेदाने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा हक्क दिला आहे. १९५६ मध्ये घातलेल्या ३५० क या अनुच्छेदाने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न करण्याचे कर्तव्य राज्यांवर टाकले. धर्मांविषयी माहिती देणे आणि एखाद्या धर्माचे शिक्षण देणे यांत फरक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्यात स्पष्ट केले. यास्तव जिल्हा परिषदेच्या शाळेत कुराणाचे वर्ग घेता येत नाहीत. पण सर्व धर्मांतील थोरांच्या गोष्टी पाठ्यपुस्तकात येऊ शकतात.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ मध्ये झाला. २०१२ च्या दुरुस्तीने मदरसे, वैदिक पाठशाळा व प्रामुख्याने धर्मशिक्षण देणाऱ्या संस्था त्याच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आल्या. परिणामी केवळ अशा संस्थेत शिकणाऱ्या मुलाला शालेय साक्षरतेची हमी उरत नाही. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने औपचारिक विषय न शिकविणाऱ्या मदरशांतील मुलांची गणना शाळाबाह्य मुलांत करण्याचे ठरविले, तेव्हा त्यावर वाद झाला. तत्पूर्वी २०१३ मध्ये राज्याने डॉ. झाकिर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजना सुरू केली होती. गणित, विज्ञान, समाजशास्त्र, मराठी, हिंदी, इंग्रजी व उर्दू हे विषय शिकविण्यासाठी शिक्षकांचे मानधन, इमारतदुरुस्ती व ग्रंथालय यांसाठी तीतून साहाय्य मिळते. २०२४ मध्ये या योजनेतील डी. एड्. शिक्षकांचे मासिक मानधन ६,००० रुपयांवरून १६,००० रुपये व बी. एड्. शिक्षकांचे ८,००० रुपयांवरून १८,००० रुपये करण्याचा निर्णय झाला. मात्र तासाभराची गावोगावची मकतबे समाजाच्या वर्गणीवरच चालतात.

मुस्लिम मुले सरसकट मदरशांत जातात, हा समज वस्तुस्थितीला धरून नाही. सच्चर समितीच्या अहवालानुसार (२००६) शालेय वयाच्या मुस्लिम मुलांपैकी सु. ३ टक्केच मदरशांत होती. मकतब हे शाळेला पर्याय नसून तिचे पूरक आहे आणि मदरसा व मकतब यांत गल्लत केल्याने आकडे फुगतात, हेही या अहवालाने दाखवून दिले. २००१ च्या जनगणनेनुसार भारतातील मुसलमानांत साक्षरतेचे प्रमाण ५९·१ टक्के होते. महाराष्ट्रात ते ७८·१ टक्के, म्हणजे राज्याच्या ७६·९ टक्के या सरासरीहून किंचित अधिक होते. नागरी वस्तीचे मोठे प्रमाण हे त्याचे एक कारण मानले जाते. पुढील शिक्षणातील गळती हा महाराष्ट्रातील या समाजाचा खरा प्रश्न आहे.

अन्य प्रदेश : केरळात १९५१ मध्ये स्थापन झालेल्या समस्त केरळ इस्लाम मत विद्याभ्यास बोर्डाने हजारो मदरशांना समान अभ्यासक्रम, पाठ्यपुस्तके व परीक्षा दिल्या. तेथे ‘मदरसा’ ही संज्ञा मकतबालाच लावतात. हे वर्ग शाळेची वेळ सांभाळून भरतात आणि अरबी लिपीत मलयाळम् लिहिण्याच्या जुन्या प्रथेमुळे मुलाला ओळखीच्या भाषेत धर्माचे वाचन करता येते. दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन येथे एकोणिसाव्या शतकात मुस्लिम मुले पाठशाळेत आफ्रिकान्स भाषा अरबी लिपीत लिहीत. त्या भाषेतील आरंभीच्या लेखनात या लेखनाची गणना होते. पुढे त्याच नगरात रत्नागिरी भागातील कोकणी मुसलमानही स्थायिक झाले. इंडोनेशियात योग्याकार्ता येथील अस्अद हुमाम (१९३३–९६) यांनी ‘इक्रो’ ही सहा पुस्तिकांची माला तयार केली. तीत हिज्जे टाळून मूल थेट अक्षरांचे स्वरयुक्त उच्चार शिकते. त्यामुळे वाचन लवकर येते. मलेशियाने २००५ पासून प्राथमिक शाळांतच जावी लिपी, कुराणपठन व अरबी यांचा एकत्रित कार्यक्रम राबविला. जेथे धर्माची लिपी व घरची भाषा यांची सांगड पडली, तेथे धर्मशिक्षणातून साक्षरता उभी राहिली, हे या उदाहरणांतील समान सूत्र आहे.

मूल्यमापन : मकतबाने मुलाला पुस्तकाविषयी आदर, नियमितपणा, अचूक उच्चार आणि स्मरणाची सवय दिली. मुख्य म्हणजे, निरक्षर घरातील मुलाच्याही हाती पहिले पुस्तक दिले. ग्रंथ हातात घेण्यापूर्वी हात धुण्याची आणि तो उंच जागी ठेवण्याची शिस्त मूल येथेच शिकते. तथापि अर्थाकडे व लेखनाकडे झालेले दुर्लक्ष, अप्रशिक्षित व अल्पवेतनी शिक्षक, काही ठिकाणची शारीरिक शिक्षा आणि शाळेशी संपर्काचा अभाव या तिच्या मर्यादा आहेत. त्या धर्मशिक्षणात अंगभूत नाहीत. इब्न अल्-अरबी व अबुल फज्ल यांनी त्यांवरचे उपाय फार पूर्वी सुचविले होते. पाठ केलेल्या प्रार्थनेचा अर्थ मुलाच्या भाषेत सांगणे, वाचलेले अक्षर लिहून घेणे, महाराष्ट्रात मराठी जाणणारा शिक्षक नेमणे आणि मकतबाची वेळ मुलाच्या झोपेच्या व खेळाच्या आड न येऊ देणे, हे उपाय अल्प खर्चाचे आहेत. २०२१ मध्ये केंद्र शासनाने तिसरीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला वाचनलेखन व अंकज्ञान यावे, असे उद्दिष्ट जाहीर केले. सकाळी एका ठिकाणी व दुपारी दुसऱ्या ठिकाणी वाचणारे मूल एकच आहे, हे शाळा व मकतब या दोघांनी ओळखल्यास ते उद्दिष्ट गाठणे त्या मुलाच्या बाबतीत कठीण जाऊ नये.